मूळव्याधीचे मलम: लावावे कसे, थांबावे कधी

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत मूळव्याधीविषयीची पत्रे इतकी होती की या वेळची सर्व जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. बहुतेकांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे आणि ती पाळली आहे. दुखणे अवघड जागेचे असल्यामुळे माणसे डॉक्टरांकडे जाण्याआधी औषधाच्या दुकानात जातात, हळू आवाजात ‘मूळव्याधीची ट्यूब’ मागतात आणि ती खिशात घालून घरी येतात. पत्रलेखकांपैकी जवळजवळ प्रत्येकाने मलम वापरलेले आहे. ते कसे, किती आणि किती दिवस वापरायचे हे मात्र फार थोड्यांना कोणी सांगितले आहे.

प्रश्न: डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मलमासोबत प्लॅस्टिकची एक बारीक नळी मिळाली. दुकानदाराने ‘सकाळ-संध्याकाळ लावा’ एवढेच सांगितले. ही नळी आत घालायची असते का? मला फार भीती वाटते. शिवाय मलम शौचाच्या आधी लावायचे की नंतर? (गृहिणी, सातारा)

उत्तर: नळी वापरायची की नाही, हे कोंब कुठे आहे त्यावर ठरते. त्रास गुदद्वाराच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे बोटाला लागणाऱ्या जागी असेल, तर नळीची काहीच गरज नाही; बोटाने लावलेले मलम पुरते. डॉक्टरांनी आतली मूळव्याध आहे असे सांगितले असेल, तरच नळी लागते. आपल्या चिठ्ठीवर ‘आत’ की ‘बाहेर’ हे लिहिलेले नसेल, तर दूरध्वनी करून विचारण्यात संकोच बाळगू नये.

मलम शौचानंतर लावावे आणि दुसऱ्यांदा रात्री निजताना. शौचाच्या आधी लावलेले मलम बहुतेक मळाबरोबर निघून जाते. आधी नुसत्या पाण्याने जागा धुवावी. साबण, जंतुनाशक द्रव किंवा सुगंधी ओले कागद यांनी तिथली आधीच चिडलेली त्वचा आणखी कोरडी होते, म्हणून ते टाळावेत. नंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, घासू नये. नखे कापलेली असावीत. बाहेरून लावायचे असल्यास वाटाण्याएवढे मलम बोटाच्या टोकावर घेऊन कडेभोवती पातळ थर द्यावा. जाड थर दिल्याने गुण अधिक येत नाही, कपडे मात्र खराब होतात.

आत लावायचे असेल, तर ट्यूबचे झाकण काढून त्या जागी नळी फिरवून घट्ट बसवावी आणि ट्यूब हलकी दाबावी. नळीच्या टोकाला किंवा बाजूला असलेल्या छिद्रांतून मलम डोकावू लागले की नळी भरली असे समजावे. तेच थोडे मलम नळीच्या बाहेरच्या अंगालाही फासावे, कारण कोरडी नळी ओरखडा काढते. मग डाव्या कुशीवर निजून उजवा गुडघा पोटाकडे ओढून घ्यावा, सावकाश श्वास सोडत नळी दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवावी, ट्यूब थोडी दाबावी आणि नळी बाहेर काढून घ्यावी. श्वास सोडताना तिथले स्नायू सैल पडतात, म्हणून भीती वाटत असली तरी श्वास रोखून धरू नये. नळी जात नसेल किंवा तीव्र कळ येत असेल, तर जोर करू नये. अशी कळ आतल्या मूळव्याधीची सहसा नसते, तिथे चीर पडलेली असण्याचा संभव अधिक असतो आणि ती डॉक्टरांनी पाहायला हवी. नंतर पाच-दहा मिनिटे पडून राहावे, नळी कोमट पाण्याने व साबणाने धुऊन वाळवून ठेवावी आणि हात स्वच्छ धुवावेत. सहसा कोणी न सांगणारी आणखी एक गोष्ट अशी की अशा मलमांतील व्हॅसलीनसारख्या स्निग्ध घटकांमुळे रबरी निरोध कमकुवत होतो. त्या दिवसांत त्यावर विसंबून राहू नये.

प्रश्न: मी एस. टी. चालक आहे, वय ४६. ड्युटीवर शौच रोखून धरावे लागते आणि पाणीही मुद्दाम कमी पितो. शौचाच्या वेळी रक्ताचे थेंब पडतात, पण दुखत नाही. चार महिने एकच मलम लावत आहे; लावले की बरे वाटते, थांबवले की पुन्हा रक्त दिसते. हे मलम कायम लावत राहिले तर चालेल का? (लातूर)

उत्तर: नाही. आपण हे मलम आजच बंद करावे आणि येत्या काही दिवसांतच तपासून घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण समजून घेण्यासाठी आधी मूळव्याध म्हणजे काय ते पाहू. गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मतःच असतात आणि मळ व वायू रोखून धरण्यास त्यांची मदत होते. वर्षानुवर्षे कुंथण्याने, खडा झालेल्या मळाच्या घासण्याने या गाद्यांना धरून ठेवणारे तंतू सैल होतात, गाद्या फुगून खाली घसरतात आणि त्यांच्यावरचे नाजूक अस्तर खरवडले गेले की लालभडक रक्त येते. गुदमार्गात एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या भागाला कापल्या-टोचल्याची वेदना कळत नाही, खालच्या त्वचेला मात्र ती पुरेपूर कळते. आपली मूळव्याध या रेषेच्या वरची असावी, म्हणून रक्त येऊनही दुखत नाही.

आता ट्यूबमध्ये काय असते ते पाहावे. लिग्नोकेन किंवा सिंकोकेन हे भूल देणारे द्रव्य, हायड्रोकॉर्टिसोन किंवा बेक्लोमेथासोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड, झिंक ऑक्साइडसारखा आवरण देणारा पदार्थ, काही मलमांत रक्तवाहिन्या आकुंचित करणारे फेनिलएफ्रिन, तर काहींत कॅल्शियम डोबेसिलेट असते. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक ट्यूबमध्ये यांतील तीन-चार द्रव्ये एकत्र असतात. त्यांनी आग, खाज आणि सूज काही दिवस कमी होते, पण घसरलेली गादी जागेवर नेण्याची ताकद यांपैकी एकातही नाही. म्हणजे दुखणे नसलेल्या जागेला आपण चार महिने भूल देत आहात आणि रक्ताचे मूळ कारण, म्हणजे कडक मळ आणि कुंथणे, जिथल्या तिथे आहे.

स्टेरॉइड असलेले मलम एका वेळी सात दिवसांपेक्षा अधिक लावू नये, हा नियम लक्षात ठेवावा. त्याहून अधिक काळ लावल्यास तिथली त्वचा पातळ होते, तिला चिरा पडतात, बुरशीचा संसर्ग होतो आणि मग ज्या आगीसाठी मलम आणले ती आगच मलमामुळे सुरू राहते. भूल देणाऱ्या द्रव्यांचीही काहींच्या त्वचेला ॲलर्जी येते. मलम लावल्यावर लाली व खाज वाढत असेल, तर तो आजार बळावल्याचा नव्हे, मलम न मानवल्याचा पुरावा असू शकतो.

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती आपल्या वयाची आणि चार महिने चाललेल्या रक्ताची. रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, असे घरात, डेपोत आणि दुकानातही गृहीत धरले जाते. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगातही रक्त पडते आणि सुरुवातीला दुखत नाही. आपल्याला तो आहे असे मी म्हणत नाही, बहुधा नसेलच. पण पत्र वाचून ते कोणीही सांगू शकत नाही. बोटाने तपासणी आणि प्रॉक्टोस्कोप नावाच्या लहान नळीतून आत पाहणे, ही दोन्ही कामे शल्यचिकित्सकाच्या बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होतात. सोबत हिमोग्लोबिन पाहून घ्यावे, कारण थेंब थेंब रक्त जाऊनही पंडुरोग होतो. काळपट रक्त, मळात मिसळलेले रक्त, शौचाच्या सवयीत अलीकडे झालेला बदल, वजन घटणे किंवा जवळच्या नातेवाइकाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असल्यास डॉक्टर दुर्बिणीने संपूर्ण मोठे आतडे तपासण्याचा सल्ला देतील. तो टाळू नये.

तपासणीत पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेची (म्हणजे कोंब बाहेर न येणारी किंवा आलेला कोंब आपोआप आत जाणारी) मूळव्याध निघाली, तर मळ मऊ ठेवणे हाच पाया असतो, आणि त्याने न भागल्यास कोंबाच्या मुळाशी रबरी कडे बसवण्याचा उपाय आहे. ते दातेरी रेषेच्या वर बसवतात, त्यामुळे त्यासाठी बहुधा भूल लागत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मळ मऊ ठेवण्यासाठी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ पोटात जावेत. आपल्या भागात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सालासकट डाळी-उसळी आणि पेरू यांतून ते साधते. ड्युटीवरच्या वडापाव-चहावर मात्र साधत नाही. उरलेली तूट इसबगोलाने भरून काढता येते: दोन चमचे इसबगोल मोठा पेला भरून पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी घ्यावे. कमी पाण्यात घेतलेला इसबगोल आतड्यात घट्ट बसून बद्धकोष्ठ वाढवतो, म्हणून पाणी कमी पिण्याची सवय सोडल्याशिवाय तो सुरू करू नये. तंतुमय पूरकांवरील चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष असे आहेत की नियमित वापराने रक्तस्रावाचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि नेमका याच काळात लोकांचा धीर सुटून हात पुन्हा ट्यूबकडे जातो. शौच रोखण्याच्या बाबतीत आपल्या नोकरीची अडचण मला कळते. निदान पहाटे निघण्याआधी ठरावीक वेळी बसण्याची सवय लावावी, मोबाइल बाहेर ठेवावा आणि पाच मिनिटांत झाले नाही तर कुंथत न बसता उठावे.

प्रश्न: वय ६७. रक्तदाब व प्रोस्टेटची औषधे चालू आहेत, शिवाय रक्त पातळ ठेवणारी गोळी आहे. मुलासाठी आणलेले मूळव्याधीचे मलम घरात आहे. बाहेरून लावायचे औषध असल्याने ते मला चालेलच ना? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर: बाहेरून लावायचे औषध रक्तात जात नाही, हा समज इथे लागू पडत नाही. गुदमार्गाच्या अस्तरातून औषध शोषले जाते आणि खालच्या भागातील शिरांचे रक्त यकृताला वळसा घालून थेट शरीरात जाते. ट्यूबवरील घटकांत फेनिलएफ्रिन असेल, तर ते मलम आपण वापरू नये. त्याने रक्तदाब वाढू शकतो आणि प्रोस्टेट वाढलेल्यांना लघवी अडू शकते. हृदयविकार, थायरॉइडचा अतिस्राव किंवा मधुमेह असलेल्यांनीही ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावू नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी रक्त दिसले म्हणून मनाने बंद करू नये. ती ज्यांनी सुरू केली त्यांनाच विचारावे. तोवर दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटे, कोमट पाण्याच्या टबात बसणे आपल्याला निर्धोक आहे. पाण्यात मीठ, तुरटी, पोटॅशियम परमँगनेट काही टाकू नये. टबात बसता-उठताना कोणाचा तरी आधार घ्यावा, कारण रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांवर असताना कोमट पाण्यातून एकदम उठल्यास भोवळ येते.

प्रश्न: शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखे दुखते आणि नंतर तासभर आग होत राहते. खोलीतल्या मित्राचे मूळव्याधीचे मलम लावले, गुण आला नाही. डॉक्टरांनी फिशर आहे असे सांगून वेगळे मलम दिले आणि ते दोन महिने लावायला सांगितले. मलम तर सात दिवसांच्या वर लावू नये असे वाचले होते. (वय २७, पुणे)

उत्तर: सात दिवसांची मर्यादा स्टेरॉइडच्या मलमाला आहे. आपल्याला दिलेले मलम बहुधा डिल्टियाझेमचे (सामान्यतः दोन टक्के) किंवा निफेडिपिनचे असेल. त्यात स्टेरॉइड नसते आणि त्याचे कामही निराळे आहे. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या त्वचेला पडलेली चीर. वेदनेने आतला स्नायू आवळला जातो, आवळल्यामुळे तिथला रक्तपुरवठा घटतो आणि चीर भरून येत नाही. हे मलम तो स्नायू सैल करते, मग चीर सावकाश भरते. त्यासाठी सहा ते आठ आठवडे लागतात आणि दुखणे थांबले म्हणून तिसऱ्या आठवड्यात मलम सोडणाऱ्यांची चीर पुन्हा उघडते. बोटाच्या टोकावर थोडेसे घेऊन कडेला लावावे, खोल घालण्याची गरज नाही. शौचाच्या भीतीने शौच टाळणे हा या आजारातला मोठा सापळा आहे. त्यासाठी शौचाच्या दहा-पंधरा मिनिटे आधी नुसती लिग्नोकेनची जेली लावावी असे काही डॉक्टर सांगतात, ते काही दिवसांपुरते योग्य आहे.

फिशरसाठी नायट्रोग्लिसरिनचेही मलम मिळते. त्याने अनेकांचे डोके सडकून दुखते. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल यांसारख्या लैंगिक दुर्बलतेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते मुळीच लावू नये, कारण दोहोंच्या मिळून होणाऱ्या परिणामाने रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. या गोळ्यांचा उल्लेख रुग्ण डॉक्टरांसमोर करत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

याच संदर्भात आणखी एक सांगावेसे वाटते. रात्रीत अचानक गुदद्वाराजवळ निळसर, टणक आणि अतिशय दुखरी गाठ आली, तर ती बहुधा बाहेरच्या शिरेत गोठलेले रक्त असते आणि तिच्यावर मलमाचा फारसा उपयोग होत नाही. पहिल्या ७२ तासांत शल्यचिकित्सकाकडे गेल्यास ती काढून लवकर आराम देता येतो. त्यानंतर मात्र वेदना आपोआपच ओसरू लागतात आणि बहुतेकदा कापाकापी न करता वाट पाहतात. गाठीसोबत ताप असेल किंवा ती गरम व ठणकणारी असेल, तर गळू असू शकते. त्या वेळी घरी थांबू नये.

प्रश्न: सातवा महिना चालू आहे. बसताना दुखते, कोंब हाताला लागतो. सासूबाई म्हणतात, बाळंतपणानंतर आपोआप बरे होईल. मलम लावू का? (कोल्हापूर)

उत्तर: आपल्या सासूबाईंचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, गर्भाशयाचा दाब गेल्यावर आणि मळ मऊ राहिल्यास बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत पुष्कळ आराम पडतो. तोपर्यंत कोमट पाण्यात बसणे, इसबगोल व भरपूर पाणी आणि डाव्या कुशीवर निजणे यांवर भर द्यावा. लोहाच्या गोळ्यांनी मळ कडक होत असेल, तर त्या बंद न करता डॉक्टरांना सांगावे. गोळी बदलता येते किंवा लॅक्टुलोजसारखे सारक देता येते. मलम हवेच असेल, तर प्रसूतितज्ज्ञांना ट्यूब दाखवून, कमीत कमी दिवस आणि केवळ बाहेरून लावावे.

प्रश्न: कोंब नाही, रक्त नाही, पण रात्रंदिवस खाज येते. मूळव्याधीच्या मलमाने दोन दिवस थांबते आणि मग जांघेपर्यंत पसरते. (वय ३५, ठाणे)

उत्तर: हे वर्णन मूळव्याधीचे वाटत नाही. घामाच्या दमट हवेत जांघेत होणारा नायटा स्टेरॉइडने वरवर शमतो, त्याची ओळखीची कडा पुसट होते आणि बुरशी आतून पसरत राहते. मलम थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कोणते मलम किती दिवस लावले ते न लपवता सांगावे. पहिले काही दिवस खाज वाढेल, तेव्हा पुन्हा तीच ट्यूब उघडू नये. घरात लहान मूल असेल आणि त्यालाही रात्री खाज येत असेल, तर सुतासारख्या बारीक जंतांचा संशय घ्यावा. त्यावर घरातील सर्वांना एकाच वेळी औषध घ्यावे लागते.

प्रश्न: आमच्याकडे चीर पडली की कोकमाचे मुठेल लावतात. सुरण आणि ताकही सांगतात. यात काही तथ्य आहे का? ‘तीन दिवसांत मूळव्याध मुळासकट’ अशी जाहिरात असलेले मलम आणावे का? (सिंधुदुर्ग)

उत्तर: मुठेल हे स्वच्छ, घट्ट वनस्पतिज तूप आहे, बाहेरच्या कोरड्या, चिरलेल्या त्वचेवर त्याचा पातळ हात फिरवल्यास घर्षण कमी होते आणि नुकसान काही नाही. वाटीतले घेताना बोट स्वच्छ असावे एवढेच. सुरणाची भाजी आणि ताजे ताक आहारात अवश्य असावे, फक्त सुरण नीट शिजवलेला असावा, नाही तर घसा खाजतो. आयुर्वेदातही अर्शावर, म्हणजे मूळव्याधीवर, सरसकट एकच उपाय सांगितलेला नाही: सुश्रुतांनी औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार मार्ग सांगताना औषधाचा मार्ग अलीकडे उद्भवलेल्या, सौम्य लक्षणांच्या व्याधीसाठी ठेवला आहे. लेपाने सर्व काही बरे होते असे त्या परंपरेचेही म्हणणे नाही.

जाहिरातीतले मलम आणू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘अनुसूची जे’मध्ये ज्या आजारांवर औषध हमखास गुण देते असा दावा करण्यास मनाई आहे, त्या यादीत मूळव्याध आणि भगंदर दोन्ही आहेत. ‘मुळासकट’ असे छापणारा उत्पादक कायदा तरी जाणत नाही किंवा ग्राहकाला तरी जुमानत नाही. घटक छापलेले नसलेल्या डबीतून स्टेरॉइड मिळण्याची शक्यताही असते, आणि मग ‘तीन दिवसांत आराम’ कशाने पडला ते वेगळे सांगायला नको.

प्रश्न: मागच्या वर्षीची अर्धी ट्यूब कपाटात आहे. मुदत संपलेली नाही. ती वापरावी का? (मिरज)

उत्तर: ती आपल्यालाच दिलेली असेल, त्रास तोच असल्याचे डॉक्टरांनी पाहिलेले असेल आणि मलम फुटून तेल व पाणी वेगळे झालेले नसेल, तर वापरता येईल. काही ट्यूबवर उघडल्यानंतर किती आठवडे वापरावी हे स्वतंत्र छापलेले असते, ते आधी वाचावे. आत घालायची नळी दोघांत कधीही वापरू नये. आणि ट्यूब न्हाणीघरातल्या फळीवर दातांच्या पेस्टशेजारी ठेवू नये. सकाळी चष्म्याशिवाय हात चुकतो, आणि तोंडात गेलेल्या लिग्नोकेनने जीभ व घसा बधिर होऊन घास-पाण्याचा ठसका लागतो.